ट्यूब ॲम्प्लिफायरची कंपनी बदलावी, की आहे तोच सांभाळावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नावाजलेल्या कंपनीचा पुश-पुल पद्धतीचा (म्हणजे दोन ट्यूबा जोडीने, उलट दिशांनी काम करणारा), प्रत्येक चॅनेलला ७५ वॅट देणारा, केटी८८ ट्यूबांचा (ट्यूब म्हणजे सिग्नल वाढवणारी काचेची निर्वात नळी) पॉवर ॲम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा भाग, आणि त्याच कंपनीचा प्रीॲम्प, म्हणजे त्याआधी सिग्नल सांभाळणारा भाग, आपण सहा वर्षे वापरत आहात. अलीकडे आवाजातला जिवंतपणा ओसरला आहे, खर्ज सैल वाटतो. विक्रेता हा संच परत घेऊन दुसऱ्या कंपनीचा ॲम्प द्यायला तयार आहे. त्यात एक पर्याय साधारण एवढ्याच ताकदीच्या पुश-पुल ॲम्पचा आहे आणि दुसरा ३००बी ट्यूबवर चालणाऱ्या सिंगल-एंडेड ॲम्पचा, ज्यात एकच ट्यूब पूर्ण सिग्नल सांभाळते. स्पीकरची संवेदनक्षमता (एक वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) ८७ डेसिबल असून त्यांचा इम्पिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) ४ ओहमपर्यंत उतरतो आणि २४ ओहमपर्यंत चढतो, हे आपण सांगितलेत ते फार बरे केलेत, कारण उत्तराचा मोठा भाग या तीन आकड्यांवरच ठरतो.

माझे मत असे आहे की आज कंपनी बदलू नये. ३००बीचा पर्याय या स्पीकरपुरता सोडून द्यावा, आहे त्या ॲम्पमध्ये नव्या आउटपुट ट्यूबा बसवून तो महिनाभर ऐकावा, आणि त्यानंतरही असमाधान उरले तरच दुसरा पुश-पुल ॲम्प घरी आणून स्वतःच्या स्पीकरवर तपासावा. हा क्रम मी का सुचवतो, ते सविस्तर लिहितो.

आपल्या ॲम्पमधल्या आउटपुट ट्यूबा मूळच्याच आहेत, असे आपण लिहिले आहे. केटी८८ सारख्या ट्यूबेचे उपयुक्त आयुष्य साधारण २००० ते ३००० तासांचे धरले जाते. रोज सरासरी तीन तास संगीत ऐकले तरी वर्षाला सुमारे ११०० तास भरतात, म्हणजे सहा वर्षांत ही मर्यादा दुपटीने ओलांडली गेली. ट्यूब एका दिवसात मरत नाही. तिच्या कॅथोडवरच्या ऑक्साइडच्या थरातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याची क्षमता हळूहळू घटते, मोठ्या आवाजाच्या क्षणी लागणारा प्रवाह तिला पुरवता येत नाही, आणि संगीतातले उठाव सपाट होत जातात. ही घसरण इतक्या संथपणे होते की कान तिच्याशी जुळवून घेत राहतात आणि शेवटी आपण ॲम्पलाच, किंवा कंपनीच्या ‘ध्वनी-स्वभावाला’, कंटाळलो आहोत असे वाटू लागते.

सैल खर्जाचेही कारण बहुधा इथेच आहे. पुश-पुल रचनेत दोन ट्यूबा आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (ट्यूबांना स्पीकरशी जुळवणाऱ्या भागाच्या) प्राथमिक वेटोळ्याच्या दोन टोकांना जोडलेल्या असतात आणि त्यांतून वाहणारे स्थिर प्रवाह एकमेकांचे चुंबकीय क्षेत्र रद्द करतात. हा समतोल गृहीत धरूनच त्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात हवेची फट जवळजवळ ठेवलेली नसते. दोन ट्यूबा वेगवेगळ्या वेगाने थकल्या आणि एकीतून दुसरीपेक्षा बराच जास्त प्रवाह वाहू लागला, की गाभा एका बाजूने आधीच चुंबकित होऊन बसतो आणि खालच्या स्वरांत लवकर संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही. डग्ग्याची घुमक असो वा डबल बासची तार, तिची कड जाऊन नुसता फुगवटा उरतो. तेव्हा मोजून जुळवलेल्या चार ट्यूबांचा संच घ्यावा आणि उत्पादकाने सांगितलेल्या मूल्यावर बायस (सिग्नल नसतानाही ट्यूबेतून वाहणारा प्रवाह ठरवणारी जुळणी) लावून घ्यावा. बायस मोजण्याची व्यवस्था बाहेरच दिलेली असेल तर हे काम आपणही करू शकता. मात्र झाकण उघडावे लागणार असेल तर जाणत्या तंत्रज्ञाकडेच द्यावे, कारण आत ४०० ते ५०० व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो भार टिकून राहू शकतो. छोट्या सिग्नल ट्यूबा जास्त टिकतात, ५००० ते १०,००० तास. त्यांच्याकडे सरसर किंवा टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टणटण येत असेल तरच लक्ष द्यावे.

एवढे केल्याशिवाय दुकानातल्या नव्याकोऱ्या ॲम्पशी आपल्या ॲम्पची तुलना करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. ती तुलना दोन कंपन्यांमधली राहतच नाही. ताज्या ट्यूबा आणि संपलेल्या ट्यूबा यांच्यातली होते.

आता कंपनी या गोष्टीचे वजन नेमके किती, ते पाहू. ट्यूबांच्या बाबतीत ते फार थोडे आहे. आज आउटपुट ट्यूबा बनवणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत; त्यांतले मुख्य म्हणजे स्लोव्हाकियातील जेजे, रशियातील सारातोव्हचा कारखाना, चीनमधले काही, आणि ३००बी पुन्हा बनवू लागलेली अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक. टंग-सोल, म्युलार्ड, गोल्ड लायन ही जुनी नावे आज ज्या नव्या ट्यूबांवर छापली जातात, त्या सारातोव्हलाच तयार होतात. त्यामुळे एक कंपनी सोडून दुसरीकडे गेलात तरी खोक्यात बहुधा त्याच कारखान्यांपैकी एकाची ट्यूब असेल.

सर्किटच्या मूळ कल्पनाही बऱ्याच अंशी सामाईक आहेत. विल्यमसन या ब्रिटिश अभियंत्याने १९४७ मध्ये मांडलेली रचना आणि हॅफ्लर व केरोस यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेली अल्ट्रा-लिनियर जोडणी (ट्यूबेची एक जाळी ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याच्या मधल्या टोकाला जोडण्याची पद्धत), या दोन स्रोतांपासून बहुसंख्य पुश-पुल ॲम्प उतरलेले आहेत. विल्यमसनच्या रचनेचा सगळा डोलारा उत्तम आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर उभा होता आणि माझ्या मते आजही कंपनी-कंपनीतला खरा फरक तिथेच आहे. वेटोळी किती भागांत विभागून एकमेकांत गुंफली आहेत, गाभा किती मोठा आणि कोणत्या पत्र्याचा आहे, यांवर खर्जातली ताकद आणि वरच्या स्वरांतला मोकळेपणा ठरतो. त्याखालोखाल फीडबॅक (चुका कमी करण्यासाठी आउटपुटचा काही अंश इनपुटला परत देणे) किती घेतला आहे आणि वीजपुरवठ्याचा भाग किती भक्कम आहे, या गोष्टी येतात. मॅकिंटॉशचे उदाहरण घ्या. फ्रँक मॅकिंटॉश आणि गॉर्डन गाओ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस शोधलेल्या युनिटी-कपल्ड रचनेत प्राथमिक वेटोळे ट्यूबेच्या प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग) आणि कॅथोड (ते सोडणारा भाग) अशा दोन्ही बाजूंना वाटलेले असते, आणि १९६१ च्या एमसी२७५ ची ख्याती मुख्यतः त्या ट्रान्सफॉर्मरवर उभी आहे. त्यातल्या केटी८८ ट्यूबा तर इतर अनेक कंपन्यांच्या ॲम्पमध्येही असतात. म्हणून विक्रेत्याशी बोलताना नव्या ॲम्पमध्ये कोणत्या ट्यूबा आहेत याच्या आधी ट्रान्सफॉर्मर कोण गुंडाळते, तो सुटा किती वजनाचा आहे, आणि पूर्ण वॅट २० हर्ट्‌झला मिळतात की फक्त १ किलोहर्ट्‌झला, हे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारी कंपनी मला अधिक विश्वासार्ह वाटते.

३००बीविषयी लिहिताना थोडे जड मनाने लिहितो, कारण तो आवाज मला मनापासून प्रिय आहे. चांगल्या सिंगल-एंडेड ॲम्पवर मानवी आवाज ज्या सलगतेने ऐकू येतो, गाणाऱ्याचा श्वास जसा सुरात मिसळून येतो, तसे मी फार थोड्या यंत्रांवर ऐकले आहे. पण ते ऐकले आहे ९६-९७ डेसिबल संवेदनक्षमतेच्या स्पीकरवर. एका ३००बीपासून साधारण ८ वॅट मिळतात. आपल्या ८७ डेसिबलच्या स्पीकरला ८ वॅट दिले तर एक मीटरवर सुमारे ९६ डेसिबल मिळतील, ७५ वॅट दिले तर सुमारे १०६. हा जवळजवळ १० डेसिबलचा फरक नेहमीच्या आवाजात जाणवणार नाही, पण पियानोचा जोरकस स्वर किंवा वाद्यवृंदाचा उठाव सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबल वर सहज जातो, आणि नेमका तिथे हा ॲम्प थिटा पडेल.

ताकदीपेक्षाही मोठी अडचण आउटपुट इम्पिडन्सची, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या अंतर्गत विरोधाची, आहे. फीडबॅक न घेणाऱ्या ३००बी ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स २ ते ३ ओहम असणे नेहमीचे आहे. तो २.५ ओहम धरा. स्पीकर जिथे ४ ओहमचा होतो तिथे त्याच्या वाट्याला सुमारे ६२ टक्के व्होल्टेज येईल, आणि जिथे २४ ओहमचा होतो तिथे ९१ टक्के. म्हणजे केवळ ॲम्प बदलल्यामुळे स्पीकरच्या स्वरपट्ट्यात ३.४ डेसिबलची चढउतार तयार होईल. हीच आकडेमोड ०.५ ओहमच्या पुश-पुल ॲम्पसाठी केली तर चढउतार ०.८ डेसिबलच्या आसपास राहते. तीन डेसिबल म्हणजे कुणीतरी टोन कंट्रोल फिरवल्यासारखा बदल, आणि तो दुकानात क्षणभर फार मोहक वाटू शकतो. पण तो ३००बीचा गुण नाही, आपल्या स्पीकरच्या इम्पिडन्सच्या आलेखाची ती सावली आहे, आणि पुढे प्रत्येक ध्वनिमुद्रणावर ती तशीच पडत राहील.

३००बीच्या ज्या गोडव्याने आपण ओढले गेला आहात, त्याचा काही अंश आहे त्याच ॲम्पमध्ये मिळण्याची शक्यता आहे. अनेक केटी८८ ॲम्पमध्ये ट्रायोड पद्धतीवर, म्हणजे ट्यूब ३००बीसारख्या साध्या, तीन इलेक्ट्रोडच्या ट्यूबेप्रमाणे चालवण्यावर, जाण्याचा खटका असतो. त्यात वॅट साधारण निम्मे होतात, पण मध्यसप्तक अनेकदा मोकळे वाटू लागते. आपल्या ॲम्पमध्ये तो असेल तर नव्या ट्यूबांवर जरूर ऐकून पाहावा. स्पीकर सध्या ८ ओहमच्या टर्मिनलवर असतील तर ४ ओहमचे टर्मिनलही वापरून पाहावे. तिथे आउटपुट इम्पिडन्स जवळपास निम्म्यावर येतो आणि ४ ओहमपर्यंत उतरणाऱ्या स्पीकरचा खर्ज पुष्कळदा आवळला जातो. यास काहीही खर्च येत नाही. फक्त तारा बदलताना ॲम्प बंद ठेवावा, कारण स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

यानंतरही दुसरा पुश-पुल ॲम्प खुणावत असेल, तर तो घरी आणून ऐकण्याची अट घालावी. दोन्ही ॲम्प किमान अर्धा तास तापू द्यावेत. मग १ किलोहर्ट्‌झचा स्थिर स्वर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजावे आणि दोन्ही ॲम्पचे आकडे एका टक्क्याच्या आत जुळवावेत, म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो. हे टाळून केलेली कोणतीही तुलना मी ग्राह्य धरत नाही, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो.

प्रीॲम्प जुनाच ठेवणार असाल तर त्याची नव्या ॲम्पशी जोडी जमते का, हेही पाहावे लागेल. पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स प्रीॲम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान दहापट असावा; ट्यूब प्रीॲम्पच्या बाबतीत तो त्याहून जास्त असलेला बरा, नाहीतर आउटपुट कपॅसिटरमुळे खालचा खर्ज कमी होतो. काही प्रीॲम्प सिग्नलची फेज उलटी करतात, म्हणजे त्याची धन बाजू ऋण करतात; कॉनराड-जॉन्सनचे अनेक प्रीॲम्प यासाठी ओळखले जातात. अशा वेळी दोन्ही स्पीकरच्या तारांची धन-ऋण टोके उलटी जोडायची असतात. एकाच कंपनीचे दोन्ही भाग असताना या गोष्टी निर्मात्याने आधीच जुळवलेल्या असतात, आणि कंपनी बदलण्याची ही एक छुपी किंमत आहे.

दुरुस्तीचा मुद्दा थोडक्यात मांडतो. असा ॲम्प वीस-तीस वर्षे चालावा अशी अपेक्षा असते, आणि तेवढ्या काळात कंपन्यांचे मालक बदलतात. विल्यम झेन जॉन्सन यांनी १९७० मध्ये सुरू केलेली ऑडिओ रिसर्च २०२३ मध्ये आर्थिक अडचणीतून नव्या मालकाकडे गेली; मॅकिंटॉश समूह २०२४ मध्ये बोसने विकत घेतला. दोन्ही नावे बाजारात टिकून आहेत, पण घेणाऱ्याने यातून एवढे पाहावे की नव्या ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर उद्या जळला तर त्याच मापाचा दुसरा कोण देईल, आणि सर्किटचा आराखडा स्वतंत्र तंत्रज्ञाला मिळू शकतो का. खास एखाद्याच कंपनीने बनवलेला, बाहेर कुठेच न मिळणारा भाग त्यात असेल तर मी तो ॲम्प कितीही आवडला तरी घेणार नाही.

विक्रेत्याला इतकेच कळवावे की निर्णय महिनाभराने होईल, आणि त्या वेळी नव्या ॲम्पच्या ४ ओहम टर्मिनलवरचा आउटपुट इम्पिडन्स, २० हर्ट्‌झला मिळणारे वॅट आणि इनपुट इम्पिडन्स हे तीन आकडे लेखी हवेत. दरम्यान आपल्या प्रीॲम्पचे मॉडेल आणि सध्या स्पीकर कोणत्या टर्मिनलवर जोडले आहेत ते इथे लिहिलेत, तर जोडीविषयी अधिक नेमके सांगता येईल.