दगडावर १०२, कागदावर ९९

वाचक विचारतात

प्रश्न : जावयाचे आजोबा मूळचे दक्षिण चीनमधल्या ताइशानचे. १९३८ मध्ये बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथेच वारले. घरचे आता त्यांच्यावर स्मरणिका काढत आहेत. नागरिकत्वाच्या कागदांवर त्यांचा जन्म मार्च १९१९ चा आहे. वंशावळीत 'मिंग्वो ९, बारावा महिना, दहावा दिवस' असे लिहिले आहे. थडग्यावर मात्र वय १०२. छापायचे काय?

उत्तर : आधी वंशावळ घ्या, कारण तिच्यात खोटे लिहायचे कुणाला काही कारण नव्हते. मिंग्वो हा चिनी प्रजासत्ताकाचा शक आहे. त्यात १९११ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे इथे १९२०. चूक होते ती पुढच्या पायरीवर. लोक सरळ '१० डिसेंबर १९२०' लिहून मोकळे होतात. पण वंशावळीतला महिना चांद्र असतो, आणि ते चांद्रवर्ष संपून नवे लागले ८ फेब्रुवारी १९२१ ला. त्यामुळे बाराव्या महिन्यातला दहावा दिवस जानेवारी १९२१ मध्ये येतो. अकराव्या-बाराव्या महिन्यातला जन्म दिसला की साल हमखास तपासायचे. या हिशेबाने आजोबा गेले तेव्हा त्यांना ९७ पूर्ण होती.

मग १०२ कुठून आले? जुन्या चिनी मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचे धरतात आणि पुढचे वर्ष वाढदिवसाला न धरता चांद्र नववर्षाला धरतात. आजोबा जेमतेम तीन आठवड्यांचे असताना नववर्ष लागले आणि ते 'दोन वर्षांचे' झाले! या मोजणीने २०१८ मध्ये त्यांचे वय ९९ होते. त्यावर दक्षिणेकडच्या रिवाजाप्रमाणे मृत्यूनंतर आणखी तीन वर्षे चढवली गेली. कुणी म्हणतात एक आकाशाचे, एक पृथ्वीचे, एक माणसाचे. या रिवाजाच्या नावाचा शब्दशः अर्थ मात्र 'साठवलेले अधिक मास' असा आहे. आपल्यासारखेच त्यांच्याही पंचांगात १९ वर्षांत ७ अधिक मास येतात. ९७ वर्षांत ते सुमारे ३६ भरतात, म्हणजे तीन वर्षे. ९९ आणि ३ मिळून १०२. दगड कोरणाऱ्याचे काही चुकलेले नाही.

स्मरणिकेत 'वय ९७. चिनी गणनेने ९९, थडग्यावर अधिक मासांसह १०२' असे सरळ छापा. नुसते १०२ छापले तर पुढच्या पिढीतला कुणी तरी त्यावरून जन्मसाल १९१६ काढील.

प्रश्न : त्याच आजोबांचे अमेरिकेतले आडनाव आणि थडग्यावर चिनी लिपीत कोरलेले आडनाव जुळत नाही. घरात विषय काढला की ज्येष्ठ मंडळी गप्प होतात.

उत्तर : ते गप्प का होतात ते समजून घ्या. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली. नागरिकाच्या मुलाला मात्र येता येई. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळाल्या, आणि 'मी इथेच जन्मलो' हा दावा खोडून काढणे अवघड झाले. असा नागरिक चीनला जाऊन परतला की मुलगा झाल्याची नोंद करी, मग तो खरोखर झालेला असो वा नसो. मुलगी अगदी क्वचितच! ही रिकामी जागा पुढे दुसऱ्या कुणाच्या मुलाला विकली जाई. असा मुलगा म्हणजे 'पेपर सन', कागदावरचा मुलगा. आडनाव कागदावरच्या बापाचे, जन्मतारीखही त्या जागेची. तुमच्या १९१९ चा उगम बहुधा इथेच आहे.

१९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोला उतरणाऱ्या चिन्यांची तपासणी एंजल बेटावर होई. गावात घरांच्या ओळी किती, तुमचे घर कितवे, तांदळाचा डबा कुठे असतो, असे प्रश्न मुलाला आणि साक्षीदाराला वेगवेगळे बसवून विचारत. उत्तरे जुळली नाहीत की परत पाठवणी. म्हणून मुले उत्तरांची वही पाठ करत आणि किनारा येण्यापूर्वी ती समुद्रात टाकून देत.

या चौकशीची फाइल सॅन ब्रुनो इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळू शकते. सॅन फ्रान्सिस्को आणि होनोलुलू बंदरांच्या फाइली तिथे आहेत. मागणी करताना कागदावरचे नाव द्या, आडनाव आधी आणि आडनाव शेवटी अशा दोन्ही तऱ्हांनी. सोबत १९१९ ची तारीख, बोटीचे नाव आणि उतरल्याचा दिवस. खरे नाव 'अन्य नाव' म्हणून जोडा. नुसत्या खऱ्या नावावर शोधले तर काहीच हाती लागत नाही, कारण कारकुनाने ते कधी ऐकलेलेच नव्हते. 'आह' हे आडनाव दिसले तर ते आडनाव नाही. नावाआधी लाडाने लावायचे 'आह' कारकुनांनी आडनावाच्या रकान्यात टाकलेले आहे.

फाइलीत फोटो मिळेल, कधी गावाचा नकाशाही. पण जबानीतले भाऊ, काका, घर हे सगळे कागदावरच्या कुटुंबाचे असू शकते. 'आजोबांच्या आठवणी' म्हणून ते छापू नका. आमच्या मते या कामातली सर्वांत मोठी चूक हीच. आधी वंशावळीशी ताडून पाहा.

१९५६ ते १९६५ मध्ये सरकारने खोट्या कागदांवर आल्याच्या कबुलीची योजना राबवली. १३ हजारांहून अधिक लोकांनी कबुली दिली, पण एकाने तोंड उघडले की कागदावरचे सगळे गणगोत उघडे पडे. अभय मिळण्याची हमीही नव्हती. कित्येकांनी कबुली दिलीच नाही; काहींनी देऊनही कागदावरचेच आडनाव ठेवले, कारण मुले त्याच नावाने शाळेत होती. थडग्यावर मात्र खरे नाव चिनी लिपीत कोरायचे. म्हणून तुमच्याकडे दगडावरचे नाव खरे धरा. छापण्यापूर्वी कागदावरच्या घराण्यातल्या हयात माणसांनाही विचारा, कारण गुपित त्यांचेही आहे.

आणखी एक. एकाच माणसाला घरचे नाव, शाळेतले नाव आणि लग्नात मिळालेले नाव अशी तीन खरी नावे असत. वंशावळीत वेगळे नाव दिसले म्हणून लगेच 'हा दुसराच कुणी' म्हणू नका. पिढीचे अक्षर (एका पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात येणारे समान अक्षर) आणि बायकोचे माहेरचे आडनाव जुळते का ते पाहा.

प्रश्न : अशा अंत्यविधीला पाकिटात किती घालावे? १०१ डॉलर चालतील?

उत्तर : चालतील, पांढऱ्या पाकिटात. आपण वरचा एक शुभ म्हणून घालतो. त्यांच्याकडे विषम रक्कम दुःखाची, कारण आनंदाच्या गोष्टी जोडीने याव्यात. म्हणून पुढे त्याच घरी लग्नाला १०१ देऊ नका. निघताना हाती छोटे पाकीट ठेवतात. त्यातली गोड गोळी तिथेच खायची आणि नाणे घरी न आणता वाटेत खर्चून टाकायचे.

प्रश्न : स्मरणिकेत काही नातवंडे त्यांना 'येये' म्हणतात, काही 'गुंग गुंग'. मराठीत कसे लिहावे?

उत्तर : येये म्हणजे वडिलांचे वडील, गुंग गुंग म्हणजे आईचे वडील. दोन्हीकडे 'आजोबा' केले तर कोण मुलाकडचे आणि कोण मुलीकडचे ते कळेनासे होते. शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे अर्थ द्या.