संवेग 'अक्षय' की 'अक्षय्य'?

प्रश्न असा आहे: नववीच्या विज्ञानात 'संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत' असं छापलेलं असतं (संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग). सणाचं नाव मात्र 'अक्षय तृतीया' असंही लिहितात. मग पुस्तकात एक 'य' जास्तीचा पडलाय का? आणि हिंदी व्हिडिओंत 'संवेग संरक्षण' म्हणतात, ते मराठीत चालेल का?

जोड 'य' मुद्दाम आहे. पाणिनीचं सूत्र आहे, 'क्षय्यजय्यौ शक्यार्थे'. 'होऊ शकतं' एवढंच सांगायचं असेल तेव्हा क्षय्य आणि जय्य ही रूपं होतात. क्षेय म्हणजे ज्याचा क्षय करायला हवा असं, आणि क्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होऊ शकतो असं. 'अजेय' आणि 'अजय्य' हीही तशीच जोडी. म्हणून 'अक्षय' म्हणजे क्षय नसलेलं, तर 'अक्षय्य' म्हणजे ज्याचा क्षय होणं शक्यच नाही असं. सणाच्या नावात दोन्ही रूपं रूढ आहेत, तिथे वाद नको. नियमाला मात्र 'अक्षय्य'च शोभतं, कारण नियम शक्य-अशक्यतेबद्दलच बोलतो.

'संरक्षण' हिंदीत खपून जातं, कारण तिथे सैन्याचं खातं 'रक्षा मंत्रालय' आहे. आपल्याकडे ते 'संरक्षण मंत्रालय', त्यामुळे मराठी कानाला 'संवेग संरक्षण' म्हटलं की कुणीतरी संवेगाची राखण करतंय असं वाटतं. इथे राखण करणारं कुणी नसतं. मी 'अक्षय्यता'च लिहीन.

पण हा शब्द वापरताना 'एकूण' गाळू नका, चूक नेमकी तिथे होते. कॅरमचा १५ ग्रॅमचा स्ट्रायकर सेकंदाला २ मीटर वेगाने ५ ग्रॅमच्या स्थिर सोंगटीवर अगदी समोरून आदळला, आणि टक्कर पूर्ण स्थितिस्थापक आहे, म्हणजे तिच्यात गतिज ऊर्जा जराही वाया जात नाही, असं धरू. नंतर स्ट्रायकरचा वेग १ आणि सोंगटीचा ३ मीटर होतो. स्ट्रायकरचा संवेग ३० वरून १५ वर आला, म्हणजे त्याच्या संवेगाचा चक्क निम्मा क्षय झाला! सोंगटीकडे तेवढेच १५ आले आणि बेरीज ३० ची ३०च राहिली. अक्षय्य आहे ती ही बेरीज, एकट्या स्ट्रायकरचा संवेग नव्हे. आणि तीही बाहेरचं बल नसेल तोवरच. पुढे सोंगटी पृष्ठभागाला घासत थांबते, तेव्हा तिचा संवेग कॅरमबोर्डाकडे आणि त्याच्यामार्फत पृथ्वीकडे जातो.

शब्दात एक उणीव आहे, तीही सांगायला हवी. 'अक्षय्य' फक्त घट नाकारतो. बेरीज वाढतही नाही, हे त्यात येत नाही. ते शिकवणाऱ्याने वेगळं सांगावं.

याच ३० ला दोन्हींच्या मिळून २० ग्रॅम वस्तुमानाने भागा, १.५ येतात. टकरीआधी आणि टकरीनंतर वस्तुमानकेंद्र, म्हणजे दोन्हींच्या वस्तुमानांचा सरासरी बिंदू, सेकंदाला त्याच दीड मीटरने पुढे सरकत असतं, टक्कर झाल्याची त्याला दखलही नसते. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने गतिनियमांना जोडून हेच दोन उपसिद्धांत पाठोपाठ दिलेत. तिसऱ्यात, परस्पर क्रियेने गतीचं एकूण परिमाण, म्हणजे आपला एकूण संवेग, बदलत नाही. चौथ्यात, समाईक केंद्राची स्थिर वा एकसमान गतीची अवस्था बदलत नाही. विरुद्ध दिशांच्या गती वजा करायच्या, हेही तिसऱ्यातच स्पष्ट आहे.

गंमत म्हणजे चौथ्या उपसिद्धांतात न्यूटनने लॅटिनमध्ये जो शब्द वापरलाय, त्याचा अर्थ 'गुरुत्वमध्य', म्हणजे जिथे सगळं वजन एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, असा होतो. त्यामुळे जुन्या मराठी पुस्तकात या ठिकाणी 'गुरुत्वमध्य' दिसला तर लगेच लाल शाई उचलू नका. कॅरमबोर्डावर गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखंच, तिथे दोन्ही बिंदू एकच. पृथ्वी-चंद्राच्या जोडीत मात्र 'वस्तुमानकेंद्र'च लिहा. पृथ्वीच्या मध्यापासून साधारण ४,७०० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातच असलेला हा बिंदू निव्वळ वस्तुमानांवरून निघतो, आणि दोघंही त्याच्याभोवती फिरतात.