फॅट ४.० चं नुसतं ४ का होतं?

प्रश्न : मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. महिन्यातून तीनदा, दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल निघतं. संकलनाच्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने असलेली साधी मजकूर) फाइल मिळते. ती एक्सेलमध्ये नीटनेटकी करण्यात फार वेळ जायचा, म्हणून पुण्याच्या भाच्यानं पायथनमध्ये पांडाज (तक्ते वाचणारं साधन) आणि ओपनपायएक्सेल (एक्सेल फाइल लिहिणारं साधन) वापरून प्रोग्रॅम करून दिला. मी सीएसव्ही एकदा उघडून बघतो, सेव्ह करतो आणि प्रोग्रॅम चालवतो. काम झटक्यात होतं, पण ४.० फॅट नुसतं ४ दिसतं, काही खाते क्रमांकांच्या शेवटी शून्य येतं, तारखा उलटसुलट होतात. कमी फॅटचा लाल रंग आकडा दुरुस्त केला तरी जात नाही, आणि संस्थेचं नाव लिहिलेली चौकट गायब होते. भाचा म्हणतो, दोष एक्सेलचा. खरं काय?
— एक सचिव, कागल तालुका

उत्तर : सचिवसाहेब, दोष थोडा भाच्याचा, थोडा तुमच्या 'उघडून बघतो, सेव्ह करतो' या सवयीचा. एक्सेल त्याच्या नियमानं वागतंय.

खाते क्रमांकापासून सुरुवात करते, कारण तिथे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतात. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच धरतं. १६ आकडी खाते क्रमांक संख्या म्हणून आत गेला, की सोळाव्या जागी शून्य बसतं. शून्यानं सुरू होणारा क्रमांक असेल तर सुरुवातीची शून्यंही जातात. तुम्ही सीएसव्ही डबल क्लिक करून उघडता आणि सेव्ह करता, तेव्हाच हे होऊन जातं. प्रोग्रॅमच्या हाती आधीच मोडलेला क्रमांक येतो. नंतर त्या रकान्याला 'टेक्स्ट' हा फॉरमॅट द्या, नाहीतर सोन्याचा मुलामा द्या, गेलेला अंक परत येत नाही. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये बघा. आणि भाच्याला सांगा, पांडाजनं फाइल वाचतानाच खाते क्रमांक आणि सभासद कोड हे दोन रकाने मजकूर म्हणून घ्यायचे. ज्या आकड्यांची बेरीज कुणी कधी करणार नाही, ते आकडे मजकूर. ऊस बिलाच्या टेबलावर होते तेव्हापासून मी हेच सांगत आलेय.

तारखांची गंमत बघा. पांडाज संदिग्ध तारखेत महिना आधी धरतं. तुमचं १ ते १० मे चं बिल घ्या : ०१/०५ ते १०/०५ यातली प्रत्येक तारीख दोन्ही बाजूंनी वाचता येते. त्यामुळे प्रोग्रॅम बिनतक्रार ५ जानेवारी, ५ फेब्रुवारी असं करत ५ ऑक्टोबरपर्यंत जातो. पुढच्या बिलात १३/०५ आली की तेरावा महिना कुठून आणणार, म्हणून तो अडखळतो. मला विचाराल तर अडखळणारं बिल बरं, निदान चूक कळते तरी. उपाय एका ओळीचा आहे : पांडाजमधलं 'डेफर्स्ट' (दिवस आधी) हे सेटिंग चालू करायचं, किंवा त्याहून चांगलं म्हणजे तारखेचा नमुना स्पष्ट लिहून द्यायचा. दिवस-महिना-वर्ष असं दिसणं ही नंतरची गोष्ट. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे एक संख्याच असते. १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३. कधी रकान्यात असे पाच आकडी अंक दिसले तर घाबरू नका, फक्त फॉरमॅट द्यायचा राहिलाय.

फॅटचं सोपं आहे. ४.० आणि ४ एक्सेलला सारखेच; उत्पादकाला नाहीत, तो येऊन भांडणारच. फॅट आणि एसएनएफच्या (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) पेशींना, म्हणजे सेलना, नंबर फॉरमॅट `0.0` द्या. इथे एक खोच आहे. ओपनपायएक्सेलमध्ये अख्ख्या रकान्याला फॉरमॅट दिला तरी आधी लिहिलेल्या पेशींना तो लागत नाही. एकेका पेशीवरून फिरूनच द्यावा लागतो. रकमेला आपला लाख-कोटीचा स्वल्पविराम हवा असेल तर हा फॉरमॅट :

`[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00`

पण यात वजा रकमेला वेगळी अट उरत नाही, त्यामुळे उणे १२ लाख परदेशी थाटात दिसतील. पशुखाद्याची कपात वजा चिन्हानं न दाखवता वेगळ्या रकान्यात दाखवा.

लाल रंग जात नाही, कारण प्रोग्रॅमनं तो त्या क्षणीचा आकडा बघून पेशीत भरला आणि काम संपवलं. नंतर तुम्ही गाईच्या दुधाचं ३.२ चं ३.५ केलंत, हे त्याला कळणार कसं? रंग भरण्याऐवजी कंडिशनल फॉरमॅटिंगचा नियम लिहायला सांगा. ओपनपायएक्सेलमध्ये ती सोय आहे. मग रंगाचा निर्णय एक्सेल स्वतः घेतं, आकडा बदलला की रंगही बदलतो. गाय आणि म्हैस यांना मात्र वेगळे नियम ठेवा. ३.५ ची अट म्हशीला लावलीत तर लाल कधी दिसायचंच नाही.

चौकट म्हणजे टेक्स्ट बॉक्स. जुनी फाइल उघडून पुन्हा सेव्ह करताना ओपनपायएक्सेल असे आकार टाकून देतं. संस्थेचं नाव सरळ वरच्या ओळीच्या पेशीत लिहा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण उत्पादकांच्या चिठ्ठीवर मराठी आकडे हवे असतील तर फॅटला `[$-4000439]0.0` हा फॉरमॅट देऊन बघा. आतली संख्या तीच राहते, बेरजा चालतात. खाते क्रमांक मजकूर असल्यामुळे ते इंग्रजी आकड्यांतच राहतील, आणि बँकेला तेच लागतात.