ओवी आधी, नोंदणी मागनं

वाचक विचारतात. उत्तरं देतात साताऱ्यात 31 वर्षं ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या ताई.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी खटाव तालुक्यातला, वय 27. पुण्यात नोकरी करतो, महिन्यातून दोनदा गावी येतो. माझ्या आजीला आणि तिच्या दोन जावांना जात्यावरच्या ओव्या अजून पाठ आहेत. आजीचं वय 84. हे सगळं जपावं म्हणून आम्ही सातजण मिळून संस्था काढतोय. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे प्रत्येक राज्यात इतिहास, साहित्य, लोककथा यांना मदत करणारी एक ना-नफा संस्था असते आणि ती छोट्या छोट्या गावांना पैसे देते. आपल्याकडे असं काही आहे का? अर्ज कुठे करायचा? आणि संस्थेची घटना कशी लिहितात?

उत्तर : तू माझ्या नातवाच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करते.

मावसभाऊ सांगतो ते खरं आहे. 1965 मध्ये अमेरिकेच्या संसदेने मानव्यविद्यांसाठी, म्हणजे इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान यांच्यासाठी एक राष्ट्रीय निधी उभा केला. पुढे त्याच्या आधाराने राज्याराज्यांत परिषदा निघाल्या. पन्नास राज्यं, राजधानी आणि पाच बेटांचे प्रदेश मिळून आज अशा 56 परिषदा आहेत. ती सरकारी खाती नव्हेत. स्वतंत्र, ना-नफा संस्था आहेत. समजा एखाद्या गावच्या वाचनालयाला बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगारांच्या आठवणी नोंदवायच्या आहेत. ते परिषदेकडे अर्ज करतं. परिषद थोडी रक्कम देते, जाणकार अभ्यासक जोडून देते आणि गावालाही आपला वाटा घालायला सांगते. हा वाटा रोखच हवा असं नाही. स्वयंसेवकांनी दिलेले तास, फुकट मिळालेली जागा यांची किंमत लावून ती वाट्यात धरतात. मला त्या सगळ्या व्यवस्थेत हे फार आवडतं. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला ज्याच्याकडे पैसा नसतो तो चार दिवस दगड वाहतो आणि त्याची वर्गणी फिटली असं गाव मानतं. तोच हा न्याय.

या परिषदा गावोगाव व्याख्याते पाठवतात, वाचनाचे उपक्रम चालवतात. 1994 पासून स्मिथसोनियन या त्यांच्या मोठ्या संग्रहालयाची फिरती प्रदर्शनं परिषदांच्या मदतीने अगदी लहान गावांत जातात, आणि यजमान गाव त्याच्या शेजारी स्वतःच्या वस्तू, स्वतःच्या गोष्टी मांडतं. मात्र मावसभावाला हेही विचार की 2025 च्या एप्रिलमध्ये काय झालं. केंद्राने परिषदांचं अनुदान एकाएकी तोडलं. मेलन फाउंडेशन या खासगी संस्थेने दीड कोटी डॉलर दिले म्हणून बऱ्याच परिषदा त्या धक्क्यातून तगल्या.

आता आपलं. एकाच दारात सगळं मिळावं अशी व्यवस्था आपल्याकडे नाही. दारं वेगवेगळी आहेत, आणि त्यातली काही तुझ्या अगदी जवळ आहेत. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, 1960 मध्ये, साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झालं. त्याचे पहिले अध्यक्ष आपल्या वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. हे मंडळ नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. मराठी विश्वकोशाचं काम वाईतच चालतं. 1992 मध्ये सरकारने राज्य मराठी विकास संस्था स्थापन केली. महाबळेश्वरच्या रस्त्यावरचं भिलार 4 मे 2017 रोजी पुस्तकांचं गाव झालं ते याच संस्थेमुळे. तिथे एकदा जाऊन ये. पुस्तकांसाठी नवी इमारत बांधत बसण्याऐवजी लोकांची घरं, लॉज, शाळा, देऊळ अशा 25 जागांतून सुरुवात झाली. घरातली बाई ओसरी झाडते, पाहुण्याला खुर्ची देते, पाणी देते. संस्थेने पुस्तकं आणि कपाटं पुरवली, पण जागा आणि माया गावाची आहे.

चौथं दार तुझ्याच गावात असेल, ते म्हणजे वाचनालय. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्याकडे गावोगावची वाचनालयं शासनमान्य आहेत. त्यांना अ, ब, क, ड वर्गानुसार दरवर्षी अनुदान मिळतं. रक्कम तुटपुंजी असते आणि वेळेवर येत नाही, हे मी 31 वर्षं भोगलं आहे. पण त्या वाचनालयाकडे नोंदणी असते, बँकेत खातं असतं, लेखापरीक्षण झालेलं असतं, कुलूप लागणारं कपाट असतं. तुम्हा सातजणांना नवी संस्था काढून जे मिळवायचं आहे ते सगळं तिथे तयार आहे.

म्हणून घटना कशी लिहायची ते मी आज सांगणार नाही. सातजणांच्या सह्या होतील, 1860 चा सोसायटी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक न्यास कायदा या दोन्हींखाली नोंदणी होईल, धर्मादाय कार्यालयाचे हेलपाटे होतील. पुढे दरवर्षी हिशेब आणि विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. आमच्याच जिल्ह्यातल्या एका मंडळाचे दोन विश्वस्त वारले. चेंज रिपोर्ट कुणी दाखल केला नाही. खात्यावर सही कुणाची चालायची, यात चार वर्षं गेली. मंडळ लोकगीतांसाठी निघालं होतं. त्या चार वर्षांत एकही गीत नोंदलं गेलं नाही, आणि गाणाऱ्यांपैकी तिघी गेल्या.

तुझ्या पत्रात मी 84 या आकड्यापाशी थांबले. सांगते का ते.

1990 नंतरच्या काळात मी आमच्या वाचनालयात दुपारच्या वेळी बायकांना बोलवत असे. टेपरेकॉर्डर माझ्या भावाचा, कॅसेट माझ्या पगारातल्या. सोळा कॅसेट भरल्या. मोठ्या हौसेने त्यांच्यावर लिहिलं : ओव्या 1, ओव्या 2, ओव्या 3. काही वर्षांपूर्वी फलटणकडची एक मुलगी आली. तिची आजी आमच्या गावची, माझ्याकडे येऊन गायलेली. लग्नाआधी तिला आजीचा आवाज एकदा ऐकायचा होता. आम्ही दोघी तीन दिवस बसलो. पाच कॅसेटवर बुरशी होती, बाकीच्या वाजल्या. सुरेख आवाज होते. पण त्यातली तिची आजी कोणती, हे मला सांगता आलं नाही. मी एकाही बाईचं नाव लिहून ठेवलं नव्हतं. ती मुलगी मला एका शब्दानेही बोलली नाही. जाताना माझ्या पाया पडली. तेव्हापासून कुणीही हा विषय काढला की मी आधी नावाचं बोलते.

पुण्याजवळच्या मावळ-मुळशीपासून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सोबतच्या गावातल्या बायकांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव आहे. मी त्या कामापुढे हात जोडते ते संख्येसाठी जोडते, पण त्याहून जास्त या नावांसाठी.

तेव्हा येत्या शनिवारी गावी जा. आधी आजीला विचार, तिच्या ओव्या इतरांनी ऐकलेल्या तिला चालतील का. काही ओव्या सासरच्या जाचाच्या असतात, काही मेलेल्या लेकराच्या. त्या तिला घराबाहेर जायला नको असतील, तर नाहीत जाणार. तिचा होकारही मोबाइलवर बोलून घे. मग प्रत्येक ध्वनिफितीच्या सुरुवातीला तिच्याच तोंडून नाव, माहेर, सासर, तारीख. एक प्रत तुझ्याकडे, एक वाचनालयाच्या कपाटात, एक तिच्या लेकींकडे. पन्नास ओव्या झाल्या की मला परत लिही. मग अर्ज कुठे करायचा ते बघू. काम हातात असलं की अनुदानाचा अर्ज एका पानात होतो.

प्रश्न : आमचा वाडा तासगाव तालुक्यात आहे. माळ्यावर मोडी कागदांचे चार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सापडले. एक गृहस्थ चांगले पैसे देऊन घ्यायला तयार आहेत. घरात कुणालाच मोडी येत नाही. द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. निदान वाचून घेतल्याशिवाय तरी नकोच. 75 वर्षांहून जुनी ऐतिहासिक हस्तलिखितं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. त्या गृहस्थांना तो दाखवायला सांगा. आणि तुमच्या घरातला कागद म्हणजे नुसता भूतकाळ नव्हे. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्याच्या दारात माणसं उभी असतात, हे तुम्ही पाहिलंच असेल.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1898 मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो वाईत मिळालेल्या कागदांवरून. तेही कुणाच्या तरी घरातलेच होते. पुढे 1910 मध्ये त्यांनी आणि मेहेंदळ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. अशी घरोघरची दप्तरं तिथे सांभाळली जातात. कोल्हापूरला जुनी कागदपत्रं जपणारं सरकारी पुराभिलेखागार आहे, तुम्हाला ते जवळ. पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही भरवतं. घरातल्या एका मुलीला पाठवा.

आणखी एक सांगते, साताऱ्याची म्हणून. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी जन्मभर कागद, चित्रं, नाणी जमवली. त्या संग्रहासाठी 1925 मध्ये साताऱ्यात संग्रहालय उभं राहिलं. 1939 मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तिथे तो सुखरूप राहिला, अभ्यासकांच्या कामी आला, याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण माझ्या वाचनालयातल्या पोरांना आपल्या गावाने जमवलेला कागद दाखवायचा म्हणजे एसटीने पुणं गाठावं लागे. म्हणून मूळ कागद संस्थेला दिलेत तरी आधी प्रत्येक पानाचे फोटो काढा, एक संच घरी आणि एक गावच्या वाचनालयात ठेवा, आणि दिल्याची लेखी पोच घ्या.

तोवर रुमाल उन्हात टाकू नका. पानांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. स्वच्छ सुती कापडात बांधून जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवा. ज्या क्रमाने पानं आहेत तो क्रम मोडू नका; कोणतं पान कशाशेजारी होतं यावरूनही वाचणाऱ्याला पुष्कळ कळतं.

प्रश्न : आमच्या बचत गटाने जत तालुक्यात ओव्या नोंदवायला सुरुवात केली आहे. बायका मोबाइलसमोर बसल्या की गप्प होतात, दोन ओव्यांनंतर आठवत नाही म्हणतात. चांगला माइक घेतला तर फरक पडेल का?

उत्तर : माइक नको, जातं घ्या. ओवी बसून आठवत नाही, दळताना येते. पसाभर ज्वारी आणा, वैरण, म्हणजे जात्यात दाण्यांची मूठ, घालायला सांगा आणि मोबाइल जात्यापासून दोन हात लांब उशीवर ठेवून द्या. घरघर आली तरी येऊ द्या. आणि समोरून खुंटा धरायला तिच्याच वयाची जोडीण बसवा, नणंद असेल तर फार बरं. एकीची ओवी संपली की दुसरी उचलते.