ख्रिसमसला जाऊ का म्हणतेस

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला होता पण लगेच उत्तर दिलं नाही, व्हॉट्सॲपवर दोन ओळीत उरकण्यासारखं ते नव्हतं. काकू म्हणाली नीट बसून लिहा, पोरगी एकटी आहे तिकडे.

म्हणजे घरमालकीणबाईंनी तुला थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलं, त्यांच्या ८२ वर्षांच्या वडिलांनी आग्रह करकरून दोनदा पंपकिन पाय वाढला (मराठीत लिहिताना कसंतरीच वाटतं), आणि मग अगदी मायेने म्हणाले की तुम्ही इंडियन लोक मेहनती, त्या बाकीच्यांसारखे नाही. बाकीचे म्हणजे काळे लोक हे तुला कळलं, तरी तू हसलीस, आणि आता तेच हसणं तुला टोचतंय. वर त्यांच्या १७ वर्षांच्या नातवाने फोनवर ते घाणेरडं मीम दाखवलं. आणि आता ख्रिसमसचं आमंत्रण आलंय.

जा. पण आधी तू कुठे राहतेस ते जरा समजून घे.

आपल्याला वाटतं हे सगळं दक्षिणेत होतं, अलाबामा, मिसिसिपी वगैरे. अगं, १९२० च्या दशकात कू क्लक्स क्लॅनचा (काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांची संघटना) सगळ्यात मोठा जोर असलेल्या राज्यांत तुझं इंडियाना होतं, अडीच लाखांच्या आसपास सभासद. जंगलात लपून बसणारे गुंड नव्हते हे, दुकानदार, प्रोटेस्टंट चर्चमधले पाद्री, डॉक्टर, आणि सहकुटुंब पिकनिक काढायचे, बायकांची वेगळी शाखा होती. १९२४ मध्ये क्लॅनच्या पाठिंब्यावर राज्याचा गव्हर्नर निवडून आला. मग १९३० च्या ऑगस्टमध्ये मॅरियन गावात जमावाने दोन काळ्या तरुणांना तुरुंगातून बाहेर ओढून झाडाला लटकावलं. त्याचा एक फोटो आहे. एकदा बघ, पण वरच्या दोघांकडे बघून झालं की खालच्या गर्दीकडे बघ. ठेवणीतले कपडे, कोणी कॅमेऱ्याकडे बघून हसतंय, एक माणूस झाडाकडे बोट दाखवतोय, जत्रेला आल्यासारखे. त्या फोटोच्या हजारो प्रती विकल्या गेल्या, म्हणजे लोकांनी पैसे देऊन घरी नेल्या. शिक्षा एकालाही झाली नाही. तिसरा १६ वर्षांचा मुलगा, जेम्स कॅमेरॉन, गळ्यात दोर पडूनही वाचला आणि पुढे म्हातारपणी त्याने मिलवॉकीला या इतिहासाचं म्युझियम काढलं.

त्या गर्दीतली लहान मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली. तुला पंपकिन पाय वाढणारे आजोबा त्यातलेच असं मी म्हणत नाहीये, मला काय माहीत. पण ते ज्या हवेत वाढले ती ही.

आता "मेहनती" चं बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांना सरकारने हमी देऊन घरासाठी, धंद्यासाठी कर्जं मिळवून दिली. १९४७ साली मिसिसिपीत अशी ३,२२९ कर्जं दिली गेली, त्यातली काळ्या सैनिकांना किती? दोन. दोनशे नाही, दोन. आणि उत्तरेतही काळ्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने रंगवून तिथे कर्ज द्यायचं टाळायचे. इकडे मध्यमवर्गाचा पैसा म्हणजे मुख्यतः घर, ज्याला घर मिळालं त्याच्या पोराचं कॉलेज झालं, ज्याला नाही मिळालं त्याचा नातू अजून भाड्याने राहतो आणि त्यालाच आळशी म्हणायचं. आपण इथे आलो ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. नागरी हक्कांच्या चळवळीने वातावरण तापवलं नसतं तर तो कायदा झाला नसता, आणि त्यातून आले कोण, तर डॉक्टर, इंजिनियर, म्हणजे गाळून गाळून घेतलेले. मग आपल्यालाच दाखवून त्यांना म्हणायचं, बघा हे कसे पुढे गेले!

आणि हे कौतुक किती दिवस टिकतं तेही मी पाहिलंय. मी ८६ ला जर्सी सिटीत आलो. ८७ च्या उन्हाळ्यात तिथल्या पेपरात एक निनावी पत्र छापून आलं, इंडियन लोकांना गावातून हाकलणार, स्वतःला "डॉटबस्टर्स" म्हणवायचे, डॉट म्हणजे आपली टिकली. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये एका पारशी तरुणाला मारून मारून संपवलं. तुझी काकू स्टेशनला जायच्या आधी टिकली काढून पर्सच्या आतल्या फ्लॅपला चिकटवायची आणि ऑफिसात पोचली की परत लावायची. ती पर्स अजून आहे घरात, आतून गोंदाचे गोल गोल डाग पडलेत.

पण खरं सांगू, त्याच वर्षी आमच्या गणपतीत काय चर्चा चालायची माहितीये? काळ्यांच्या वस्तीत घर घेऊ नका! ज्या मंडळात जोतीरावांवर भाषण झालं, म्हणजे ज्यांनी १८७३ साली "गुलामगिरी" हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं ते जोतीराव, त्याच मंडळात पाच मिनिटांनी चहाच्या रांगेत हे. आणि मीही तिथे मान डोलावली. पुढे घर घेताना एजंटला "चांगली शाळा" हवी म्हणालो, त्याचा अर्थ काय होता ते त्यालाही कळत होतं आणि मलाही. माझ्या मुलीने कॉलेजात गेल्यावर जेवताना मला हे तोंडावर विचारलं, मी चिडून ताट सोडून उठलो. मुद्दा काय, तर आजोबांकडे बघताना तुझे काका पण आठव.

आता त्या पोराबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. आजोबांचं वय झालं, ते काही बंदूक घेऊन निघणार नाहीत. पण २०२२ मध्ये बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये १० काळ्या माणसांना मारणारा १८ वर्षांचा होता, कोविडमध्ये कंटाळा आला म्हणून इंटरनेटवर नको तिथे जाऊन बसला आणि "हे लोक आपली जागा घेतायत" हे तिथे त्याच्या डोक्यात भरलं. तुझ्या त्या मीममध्येही तेच आहे, फक्त जोकच्या कागदात गुंडाळलेलं. आणि गरिबीमुळे होतं हे सगळं असंही समजू नकोस, ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, चालून गेलेल्यांत धंदेवाले होते, रिअल इस्टेट एजंट होते, खाऊनपिऊन सुखी लोक. प्रत्येक मीमवाला पोरगा खुनी होत नाही, बहुतेक नाहीच होत. पण कोणता होईल हे आधी कळत नाही.

यातून बाहेर येता येतं का? डेरेक ब्लॅक हे नाव शोध. वडील क्लॅनचे नेते, १९९५ मध्ये वर्णद्वेष्ट्यांची मोठी वेबसाइट त्यांनी काढली, आणि डेरेक यांनी वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास तिचं मुलांसाठीचं पान बनवलं, म्हणजे पाळण्यातलंच बाळकडू. फ्लोरिडात कॉलेजात गेल्यावर हे उघडकीला आलं, बऱ्याच जणांनी बोलणं टाकलं. एका ज्यू विद्यार्थ्याने मात्र शुक्रवारच्या शब्बाथच्या (ज्यूंचा आठवड्याचा पवित्र दिवस) जेवणाला बोलावलं. सुरुवातीला राजकारणाचा विषयच नाही, नुसतं जेवण, दर आठवड्याला. दोनेक वर्षं गेली, काही मित्रमैत्रिणींनी आकडे दाखवून वाद घातले, आणि २०१३ मध्ये डेरेक यांनी जाहीर पत्र लिहून ते सगळं सोडलं. मला तर वाटतं ज्यांनी बोलणं टाकलं त्यांचाही त्यात वाटा होता, नुसत्या जेवणाने कोणी सुधारत नाही.

पण ते जेवण घालणं हे तुझं काम नाही, हे मी मुद्दाम लिहितोय कारण तू तशी आहेस, लगेच अंगावर घेतेस. मास्टर्स करायला गेलीयेस, त्या घराला सुधारायला नाही. फक्त हसू नकोस. त्याने पुन्हा काही दाखवलं तर भोळ्या चेहऱ्याने विचार, यात गंमत कुठेय, मला नाही कळलं, सांग ना. सांगताना त्याचीच पंचाईत होईल. आजोबांना, वेळ मिळाला तर, त्यांचं घर त्यांच्या वडिलांनी कधी आणि कसं घेतलं ते विचार, म्हाताऱ्यांना घराच्या गोष्टी सांगायला आवडतात, आणि तू गप्प राहून ऐक. त्याची आई, म्हणजे घरमालकीणबाई, मधे पडते का, पोराला काही बोलते का, तेवढं बघ, कारण ती त्या दोघांच्या मधली आहे.

मैत्रिणीच्या गाडीने जा, येताना त्यांच्यावर अवलंबून राहू नकोस. आणि आजोबांना डायबेटीस आहे म्हणालीस, तर मिठाई नको, चकल्या ने. काकू पार्सल करतेय, गुरुवारपर्यंत पोचतील.