दूरदर्शनवरील 'ब्योमकेश बक्षी' मालिकेत ग्रामोफोनच्या पिनेने खून होतात, ते खरोखर शक्य आहे का?

आपण विचारले आहे की, दिग्दर्शक बासू चटर्जी यांच्या 1993 सालच्या 'ब्योमकेश बक्षी' मालिकेतील 'रास्ते का काँटा' या भागात ग्रामोफोनच्या पिनेने माणसे मारली जातात ते कितपत पटते, आणि पटत नसेल तर हा भाग इतका लक्षात का राहतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. दुसऱ्याला मात्र थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल, आणि त्यात रहस्य उघड होणार असल्यामुळे ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा हे उत्तम.

गोष्ट ब्रिटिश अमदानीतील कलकत्त्याची आहे. भर वर्दळीच्या रस्त्यावर पैसेवाली माणसे चालता चालता कोसळतात आणि प्रत्येकाच्या हृदयात ग्रामोफोनची एक पिन सापडते. बंदुकीचा आवाज कोणी ऐकलेला नसतो, मारेकरी कोणाला दिसलेला नसतो. आशुतोष मित्र नावाचे गृहस्थ तेवढे बचावतात, कारण पिन त्यांच्या खिशातील घड्याळात रुतून बसते. त्याच सुमारास वर्तमानपत्रात एक चमत्कारिक जाहिरात येत असते की, ज्याला आपल्या वाटेतील काटा दूर करायचा असेल त्याने शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभे राहावे. गुप्तहेर ब्योमकेश या दोन गोष्टींची सांगड घालतो आणि अखेर कळते की पिन सुटते ती सायकलच्या घंटीतून, आत दडवलेल्या स्प्रिंगच्या जोरावर.

आता शक्यतेचा विचार करू. ग्रामोफोनची पोलादी पिन जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीची आणि वजनाने एका ग्रॅमपेक्षाही हलकी असे. इतक्या हलक्या वस्तूचा वेग हवेत फार लवकर मंदावतो, आणि तिला सरळ ठेवणारे मागे काहीच नसल्यामुळे ती वाटेतच गिरक्या घेऊ लागण्याचा संभव अधिक. घंटीच्या वाटीत मावेल एवढ्या स्प्रिंगच्या जोरावर ती कपडे, कातडी आणि बरगड्यांमधील स्नायू भेदून हृदयापर्यंत पोहोचावी, तीही चालत्या सायकलवरून नेम धरून, आणि असे एकदा नव्हे तर अनेकदा घडावे, हे मानणे कठीण आहे. मूळ बंगाली कथेचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांनाही या हत्याराची ताकद नेमकी ठाऊक असावी असे वाटते, कारण मूळ कथेत सापळा लावायला निघताना ब्योमकेश छातीवर बांधतो ती चिनी मातीची बशी, आणि तेवढ्यानेच काम भागते!

तरीही पाहताना आपण ही शंका घेत नाही, कारण खुनाचा खरा आधार स्प्रिंग नसून रस्त्यावरच्या माणसाची सवय हा आहे. मागून किंवा बाजूने घंटी वाजली की आपण थबकतो आणि आवाजाच्या दिशेने वळतो. म्हणजे सावज आपली छाती आपणहून मारेकऱ्यासमोर धरते. स्प्रिंग सुटल्याचा खटका त्याच घंटीच्या आवाजात बुडून जातो आणि सायकल पुढे निघून जाते. नंतर पोलिसांनी विचारले तर 'काहीच ऐकू आले नाही' असेच लोक सांगतील, आणि ते खोटे बोलत नसतील, कारण सायकलची घंटी हा लक्षात ठेवण्याजोगा आवाज आहे असे त्या शहरात कोणालाच वाटत नसते. म्हणूनच बचावलेल्या माणसाकडे ब्योमकेश काय पाहिले याबरोबरच काय ऐकले याचीही बारकाईने चौकशी करतो, आणि मला तरी सगळ्या तपासातील तो सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो.

पिनेचेही तसेच आहे. त्या काळी तबकडीची एक बाजू वाजवून झाली की पिन बदलायची असा रिवाज होता आणि पिनांच्या छोट्या पत्र्याच्या डब्या बाजारात सर्रास मिळत. कलकत्त्यात तर 1908 पासून सियालदहला तबकड्यांचा कारखानाच होता. इतक्या घरोघरी असणाऱ्या वस्तूवरून पोलीस कोणाचा माग काढणार? जुना काळ दाखवायचा म्हणून ग्रामोफोन कोपऱ्यात मांडून ठेवणाऱ्या मालिका पुष्कळ आहेत. इथे तो काळ काढून घेतला तर गुन्हाच उरत नाही. मालिकेचा खर्च बेताचा आहे, बहुतेक सारे खोल्यांत आणि बोलण्यातच घडते, पण ब्योमकेश झालेले रजित कपूर आणि त्याचा मित्र अजित झालेले के. के. रैना ज्या निवांतपणे एकमेकांशी बोलतात त्यामुळे ती उणीव जाणवत नाही.

कच्चा दुवा माझ्या मते वेगळाच आहे. प्रफुल्ल राय नावाचा विमा एजंट, म्हणजे खुद्द मारेकरी, जाहिरातीची हकिगत घेऊन ब्योमकेशच्या घरी येतो. ज्याने इतके दिवस कोणाच्या नजरेस न पडण्याची खबरदारी घेतली त्याने गुप्तहेराच्या दारात स्वतःहून जावे, हे निव्वळ कथानकाच्या सोयीसाठी आहे. लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांची ही सुरुवातीच्या काळातील कथा असल्याने ते क्षम्य मानावे. पुढे ते 'बॉम्बे टॉकीज' या चित्रपट कंपनीसाठी मुंबईत आले, नंतर पुण्यात स्थायिक झाले आणि ब्योमकेशच्या उत्तरकाळातील कथा त्यांनी तिथेच लिहिल्या, ज्याची पुण्यात फारशी कोणी आठवण काढताना दिसत नाही.

हा भाग आवडला असेल तर पुढे याच मालिकेतील 'मकड़ी का रस' पाहावा. तिथे अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्याला कडक पहाऱ्यातही नशेचा पदार्थ मिळत राहतो आणि तो कुठून येतो ते घरच्यांना कळत नाही. उत्तर त्याच्या खोलीतच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते.