अणुनिरीक्षक व्हायचे तर काय शिकावे?

प्रश्न : माझी मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत निरीक्षक होण्याची तिची इच्छा आहे. तिने आंतरराष्ट्रीय संबंधांकडे वळावे की विज्ञानातच पुढे जावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : विज्ञान सोडू नये. अणुसामग्री शस्त्रांकडे वळत नाही ना, याची खातरजमा करणे हे मुळात मोजमापाचे आणि हिशेबाचे काम आहे. सुरुवातीचा साठा, आलेली व गेलेली सामग्री आणि अखेरीस प्रत्यक्ष मोजलेला साठा यांचा मेळ घालताना जी तफावत उरते, ती केवळ मोजमापातील त्रुटीमुळे आहे की नाही हे ठरवण्यासाठी संख्याशास्त्र पक्के लागते. जपानमधील रोक्काशो या वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पाची नियोजित क्षमता वर्षाला 800 टन इंधन हाताळण्याची असून त्यातून सुमारे 8 टन प्लुटोनियम वेगळे होऊ शकते; तिथे एका टक्क्याची चूक म्हणजे 80 किलो, आणि एका अण्वस्त्राच्या दृष्टीने व्हिएन्नाची संस्था जे प्रमाण लक्षणीय मानते ते अवघे 8 किलो आहे. युरेनियम-235 चा 186 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण मोजून समृद्धीकरणाचा, म्हणजे युरेनियममधील त्याच्या प्रमाणाचा, अंदाज घेतानाही डब्याच्या भिंतीची जाडी आधी ठाऊक असावी लागते. हे हाताने करून शिकण्याचे ज्ञान आहे.

कायद्याचा अभ्यास नको, असा याचा अर्थ नाही. भारत 1970 मध्ये अमलात आलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारात सहभागी नसूनही तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या या संस्थेच्या देखरेखीखाली का आहेत, हे करारांचे मसुदे वाचल्याखेरीज कळत नाही. मात्र तो अभ्यास नंतरही जमतो. राहून गेलेली प्रयोगशाळा सहसा भरून निघत नाही.

अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात अणुअभियांत्रिकीच्या जोडीने अणुसामग्रीच्या देखरेखीचा विषय शिकता येतो. तिथल्याच माँटेरे येथील मिडलबरी संस्थेचा भर धोरणावर होता, पण तिथले प्रत्यक्ष वर्गांतील पदव्युत्तर अभ्यासक्रम बंद करण्याचा निर्णय 2025 मध्ये जाहीर झाला. निरीक्षकपदासाठी कामाचा अनुभवही मागितला जात असल्याने, 1957 पासून चालू असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण विद्यालयाचा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. तिथे विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळतो. परदेशीच जायचे असेल, तर अणुविषयक पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2020 मध्ये सुरू केलेली मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी शिष्यवृत्ती पाहावी. परंतु या शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठातील प्रवेश आधी निश्चित झालेला असावा लागतो, म्हणून अर्जांचा क्रम त्यानुसार ठरवावा.